केमोच्या आधीचे बारा दिवस : बाळाचं अंगावरचं दूध तोडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीचं वय २९. मुलगी साडेचार महिन्यांची, वजन ६.२ किलो, आजवर फक्त अंगावरच्या दुधावर वाढलेली. डाव्या स्तनातली गाठ दोन महिने ‘दूध साकळलंय’ म्हणून शेकत राहिले, शेवटी बायोप्सीत कॅन्सर निघाला. १२ दिवसांनी पहिली केमो आहे. शेजारच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, आजपासूनच पाजणं बंद करा. आई म्हणतात, गाईचं दूध पाणी घालून द्या, आम्ही सगळे त्यावरच वाढलो. मेडिकलवाल्याने तीन वेगवेगळे डबे पुढे ठेवले. मुलगी बाटली तोंडात धरत नाही आणि पत्नी सारखी रडतेय. काय करू?

मी लहान मुलांची डॉक्टर आहे, सांगली भागात २६ वर्षं प्रॅक्टिस करते. सगळ्यांत आधी एक सांगते: आज दूध बंद करू नका. हातात १२ दिवस आहेत आणि ते सगळे लागणार आहेत.

कॅन्सर दुधातून बाळाला होत नाही. ज्या बाजूला गाठ आहे त्या बाजूचं दूधही बाळाला बाधत नाही. दुखत नसेल आणि बायोप्सीची जखम ठीक असेल तर दोन्ही बाजूंनी पाजता येतं. सोनोग्राफी, मॅमोग्राफी, शिरेतून औषध देऊन केलेला सीटी स्कॅन किंवा एमआरआय, यांपैकी कशासाठीही पाजणं थांबवावं लागत नाही. पेट स्कॅन किंवा हाडांचा स्कॅन असेल तेव्हा अंगात किरणोत्सारी औषध जातं, म्हणून त्या दिवशी काही तास बाळाला जवळ घ्यायचं नसतं. किती तास ते स्कॅनचा विभाग सांगेल. तेवढ्या वेळासाठी आधी काढून ठेवलेलं दूध दुसऱ्या कुणी पाजायचं.

पण केमोचा पहिला डोस शिरेत गेला की त्यानंतर एक थेंबही नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही औषधं देतात, पुढे पॅक्लिटॅक्सेल. ती दुधात उतरतात आणि त्यांचं कामच वाढणाऱ्या पेशी मारणं हे आहे. बाळाचं तर सगळं शरीरच वाढणाऱ्या पेशींचं. हे डोस काही आठवड्यांच्या अंतराने कित्येक महिने चालतात, नंतर शस्त्रक्रिया असते, आणि गाठ हार्मोनवर वाढणारी निघाली तर टॅमॉक्सिफेनसारखी गोळी काही वर्षं घ्यावी लागते. म्हणून ‘मधल्या काळात दूध काढून फेकत राहू, नंतर परत सुरू करू’ हा विचार तुमच्या बाबतीत सोडून द्या. या बाळापुरतं अंगावरचं दूध संपणार आहे. तुमच्या पत्नींना हे स्पष्ट सांगा, अर्धवट आशा ठेवायला लावू नका. पुढे कधी दुसरं मूल झालं तर दुसऱ्या बाजूने पाजता येऊ शकतं, अनेक जणी पाजतात, हेही सांगा.

तारखेवर मी एवढा जोर का देते, ते सांगते. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत क्षयरोगाचं निदान झालेल्या एका आईला मी घाईने सांगितलं होतं, पाजू नका. बाळ तीन महिन्यांचं होतं. घरात पाणी लांबून आणायचं, बाटली एकच. पुढच्या दोन महिन्यांत ते बाळ दोनदा जुलाबाने सलाइनवर आलं आणि तोवर आईचं दूध आटून गेलं होतं. खरं तर त्या आईने औषधं चालू ठेवून, तोंडाला मास्क बांधून पाजायला हवं होतं आणि बाळाला मी प्रतिबंधक औषध द्यायला हवं होतं. ते बाळ वाचलं. पण तेव्हापासून ‘आईला आजार आहे’ हे ऐकलं की मी पहिल्यांदा विचारते, कोणता आजार आणि कोणतं औषध? डेंग्यू, टायफॉइड, मलेरिया, फ्लू, थायरॉइडची गोळी, बीपी, मधुमेह, बहुतेक अँटिबायोटिक, यांत दूध तोडायचं काहीच कारण नाही. हेपेटायटिस बी असेल तर जन्मल्या जन्मल्या बाळाला लस आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं आणि पाजायचं. दूध खरोखर थांबवावं लागतं ते केमोथेरपी, थायरॉइडसाठी दिलेलं किरणोत्सारी आयोडीन, मेथोट्रेक्सेट अशा मोजक्या ठिकाणी. तुमचं कारण त्या मोजक्यांतलं आहे, म्हणून बंद करणं बरोबर. फक्त ते बाराव्या दिवशी, आज नाही. तरी औषधांची नावं तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि मुलीच्या डॉक्टरांना दाखवा.

आता दुसरी निकड. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी होतात. त्याच वेळी स्तन दुधाने भरून तटतटलेले असले, दूध साकळून पू झाला, तर साध्या गळूचं गंभीर दुखणं होतं. दूध एका दिवसात तोडलं की नेमकं हेच होतं. म्हणून दूध हळूहळू आटवायचं आहे, आणि ते केमोच्या आधी बरंचसं आटलेलं हवं.

मी साधारण असं करायला सांगते. सध्या मुलगी दिवसरात्रीत आठ वेळा पीत असेल. पहिले दोन दिवस एकही पाजणं कमी करू नका. फक्त दुपारच्या एका वेळी आईने स्वतःचं दूध काढून द्यायचं आणि ते बाबांनी किंवा आजीने पाजायचं. म्हणजे भांडं नवीन असतं, पण दूध ओळखीचं. एका वेळी बाळाला एकच नवी गोष्ट द्यावी. बाटली धरत नाही असं तुम्ही लिहिलंय, तिथे बहुधा बाटलीही नवी, त्यातली पावडरही नवी, आणि पाजायला बसलेली आई, जिच्या अंगाला दुधाचा वास येतोय. कोणतं बाळ बाटली धरेल? आईने त्या वेळी खोलीत नाही, शक्यतो घरातही थांबू नये. बाळ कडकडून भुकेलं होण्याची वाट पाहू नका. झोपेतून नुकतं उठलेलं, थोडंसं भुकेलं असताना द्या. रडायला लागलं तर थांबा, खांद्यावर घ्या, दहा मिनिटांनी पुन्हा. जबरदस्तीने तोंडात कोंबलेली बाटली दुसऱ्या दिवशी नुसती दिसली तरी बाळ तोंड फिरवतं.

तिसऱ्या दिवसापासून दुपारचं ते पाजणं पूर्ण वरच्या दुधावर न्या. मग दर दीड-दोन दिवसांनी आणखी एक वेळ कमी करा. ज्या वेळी बाळ निवांत पितं आणि ज्या वेळी छाती कमी भरते, त्या वेळा आधी. रात्री झोपतानाचं आणि पहाटेचं शेवटपर्यंत ठेवा. बारा दिवसांत आठही वेळा बसवायच्या तर शेवटी थोडी घाई होईल, चालेल. एखादा दिवस बाळ अडून बसलं तर मागे या, पुढच्या दिवशी दोन करा.

आईने मधल्या वेळात छाती दुखेल एवढी भरली तर फक्त आराम वाटेपर्यंत हाताने दूध काढावं, रिकामी करू नये. रिकामी केली की शरीराला वाटतं, आणखी हवंय. गार पाण्याच्या पट्ट्या, बेताची घट्ट बॉडी (ब्रा), गरज पडली तर पॅरासिटामॉल. कापडाने करकचून छाती बांधायची जुनी पद्धत आहे, ती करू नका, त्याने गाठी होतात. मोगऱ्याचे गजरे बांधायला कुणी सांगितलं तर बांधा, त्याने दूध कमी होतं असा आपल्याकडच्या बायकांचा अनुभव आहे आणि त्यात अपाय काही नाही, पण केवळ त्यावर विसंबू नका. वेळ कमी पडतोय असं वाटलं तर कॅबरगोलिन नावाची गोळी दूध आटवते. ती बीपी असलेल्यांना, काही मानसिक आजारांत आणि हृदयाच्या तक्रारीत देत नाहीत, म्हणून कॅन्सरच्या आणि स्त्रीरोगाच्या डॉक्टरांनी मिळूनच ठरवायची. लाल चट्टा, ताप, थंडी वाजणं यांपैकी काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं. केमो सुरू झाल्यावर तर रात्री दोन वाजता असलं तरी.

या दिवसांत काढलेलं जास्तीचं दूध फेकू नका. स्वच्छ, छोट्या डब्यांत तारीख घालून ठेवा. बाहेर चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी. फ्रिजमध्ये २४ तास. डीप फ्रीजर खरोखर गोठवणारा असेल आणि लाइट फार जात नसेल तर तीन महिने. केमोच्या आधी काढलेलं दूध केमोनंतरही बाळाला चालतं. रोज अर्धी वाटी जरी गेली तरी त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं मिळतात. मात्र डब्यांवर केमोची तारीख मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे नंतरचा एखादा डबा चुकून त्यात मिसळणार नाही.

आता वरचं दूध. गाईच्या दुधाबद्दल आजींना मी नेहमी आदरानेच सांगते, कारण त्यांनी खरंच मुलं वाढवली आहेत. पण सहा महिन्यांच्या आत गाईच्या किंवा म्हशीच्या दुधातली प्रथिनं आणि क्षार बाळाच्या मूत्रपिंडाला जड जातात, लोह जवळजवळ नसतंच, आणि काही बाळांच्या आतड्यातून नकळत रक्त जात राहतं. पाणी घातलं की प्रथिनं कमी होतात खरी, पण त्याबरोबर पोटही उपाशी राहतं. शेळीच्या दुधात फॉलिक ॲसिड फार कमी. गल्लीतून हाक देत येणाऱ्या गाढविणीच्या दुधावरही बाळाचं पोषण होत नाही. वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून डब्याचंच द्या.

तीन डब्यांपैकी कोणता? ‘१’ आकडा लिहिलेला, म्हणजे जन्मापासूनचा, साधा. त्यात काय किती असावं हे एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांनी बांधलेलं आहे, त्यामुळे महागाच्या आणि स्वस्ताच्या साध्या डब्यांत बाळाला जाणवेल असा फरक फारसा नसतो. पुढचे सहा-सात महिने न चुकता परवडेल तो घ्या. सोयाचा, लॅक्टोज नसलेला, ‘पोटाला हलका’ असले डबे डॉक्टरांनी कारण दाखवून सांगितल्याशिवाय नकोत. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात आणि फुकट नमुने वाटणं बंद केलं आहे. तेव्हा मेडिकलवाल्याच्या शिफारशीला वजन देऊ नका.

पावडर बनवण्याची कृती मी आईबाबांकडून माझ्यासमोर एकदा करून घेते, कारण बहुतेक बाळं आजारी पडतात ती पावडरीने नाही, ती बनवण्यातल्या चुकीने. पावडर निर्जंतुक नसते, तिच्यात जंतू असू शकतात. म्हणून पाणी खळखळ उकळा, झाकून ठेवा, अर्ध्या तासाच्या आत वापरा, म्हणजे ते ७० अंशांच्या वरच असतं. आरओचं असो की बाटलीबंद, उकळायचंच. आधी पाणी मोजून घ्या, मग पावडर घाला. बहुतेक भारतीय डब्यांत ३० मिलि पाण्याला डब्यातला सपाट भरलेला एक चमचा असतो, तरी आपल्या डब्यावर वाचा. चमचा दाबून भरू नका, शीग नको. मग बाटली किंवा वाटी गार पाण्यात धरून दूध निववा, मनगटावर थेंब टाकून पाहा. दोन तासांच्या आत संपवा, उष्टं उरलं की टाकून द्या. ते टाकताना जीव तुटतो, मला माहीत आहे, तरी टाका. रात्रीसाठी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये आणि मोजलेली पावडर कोरड्या डबीत ठेवा, आणि आयत्या वेळी बनवा. बनवलेलं दूध थर्मासमध्ये कोमट ठेवणं म्हणजे जंतूंना विरजण लावणं.

किती द्यायचं? किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलि, म्हणजे तुमच्या मुलीला सुमारे ९३० मिलि. १२० मिलि पाण्यात चार चमचे, असं दिवसात सात वेळा झालं की साधारण तेवढं होतं, कारण पावडर विरघळल्यावर दूध पाण्यापेक्षा थोडं जास्त भरतं. एखादी वेळ कमी, एखादी जास्त, त्यात काही बिघडत नाही. आता एक हिशेब करून ठेवा. २८ चमचे म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पावडर, म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा तीन दिवसांत संपतो, महिन्याला दहा डबे. ‘डबा आठवडाभर पुरतो’ असं कुणी सांगितलं की मला कळतं, घरात कुणीतरी पाणी वाढवतंय. बहुतेक वेळा ते काटकसरीपोटी असतं, केमोच्या खर्चाने घर आधीच वाकलेलं असतं. दूध पातळ करू नका. खर्च झेपत नसेल तर रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मोकळेपणाने सांगा.

वाटी-चमचा की बाटली? पुस्तकी उत्तर वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोच असलेली छोटी वाटी), आणि तेच पहिल्यांदा करून पाहा. बोंडलं धुवायला सोपं, त्यात काही अडकून राहत नाही. पण साडेचार महिन्यांच्या बाळाला दिवसातून सात वेळा बोंडल्याने पाजायला हाताशी माणूस लागतो, आणि तुमच्याकडे बहुधा रात्रीला आजी एकट्याच असतील. तेव्हा बाटली नकोच असं मी म्हणणार नाही. तीन-चार रुंद तोंडाच्या बाटल्या घ्या, प्रत्येक वापरानंतर ब्रशने बूच आणि निपलसह घासा, दिवसातून एकदा सगळ्या पाण्यात बुडवून दहा मिनिटं उकळा. पाजताना बाळाला अर्धवट बसतं धरा, बाटली आडवी, मधेमधे थांबा. झोपेत बाटली तोंडात ठेवून निघून जाऊ नका.

शीचा रंग हिरवट होईल, शी घट्ट होईल, वास येईल, दोन दिवसांतून एकदा होईल. याला घाबरू नका. दिवसातून सहा-सात लंगोट ओले होतायत ना आणि वजन वाढतंय ना, एवढं पाहा. पहिले तीन आठवडे दर आठवड्याला वजन करा, महिन्याला ४०० ते ५०० ग्रॅमची वाढ मला समाधानाची वाटते. शीत रक्त, अंगावर गांधी, प्रत्येक वेळी भरपूर उलटी असेल तर गाईच्या दुधाची ॲलर्जी असू शकते (साधी पावडरही गाईच्या दुधापासूनच बनते), लगेच दाखवा. ड जीवनसत्त्वाचे थेंब चालू ठेवा. घुटी, मध, ग्राइप वॉटर नको. आणि पोट भरत नाही म्हणून आत्ताच पेज, नाचणीचं सत्त्व सुरू करू नका. ते सहा महिने पूर्ण झाल्यावर.

दूध पेढीबद्दल बरेच जण विचारतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्ध पेढी आहे, इतरही शहरांत आहेत, पण ते दूध आधी कमी दिवसांच्या आणि अतिदक्षता विभागातल्या बाळांना जातं, आणि जायलाच हवं. घरात नणंद किंवा जाऊ पाजती असेल आणि मनापासून तयार असेल तर तिची एचआयव्ही, हेपेटायटिस बी आणि सिफिलिसची तपासणी करून तिने पाजायला माझी हरकत नाही.

हे लिहिताना मला धाराऊची आठवण येते. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला तेव्हा सईबाईंची प्रकृती बरी नव्हती, आणि कापूरहोळच्या धाराऊने त्यांना दूध पाजलं. सईबाई राजांच्या आई नव्हत्या असं कुणी कधी म्हटलं आहे का? तुमच्या पत्नींना हे सांगा. ‘मी तिच्यासाठी एवढंही करू शकत नाही’ हे वाक्य मी अशा किती जणींकडून ऐकलं आहे. साडेचार महिने त्यांनी तिला पूर्ण पाजलं आहे, ते तिच्या अंगात मुरलेलं आहे, ते केमो काढून घेत नाही. आणि रडणं आठवडाभरात ओसरलं नाही, झोप उडाली, जेवण सुटलं, तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. दूध अचानक कमी झालं की मन खाली जाणं हे शरीरातूनही होतं.

दूध थांबलं तरी कूस थांबवायची नाही. केमो चालू असताना आईने बाळाला घ्यायला, कुशीत झोपवायला, पापे घ्यायला काही हरकत नाही. फक्त डोसनंतर ४८ तास आईची उलटी, लघवी, घामाचे कपडे इतरांनी हातमोजे घालून हाताळावेत. पहिले काही दिवस बाळ छातीशी तोंड नेईल, तेव्हा पोट भरल्यानंतर, जाड कुर्ता घालून, बाहेर तोंड करून घ्या. घरात कुणाला सर्दी-खोकला असेल तर त्याने दोघींपासूनही लांब राहावं, कारण तो बाळापासून आईला आणि आईपासून बाळाला लागतो. पोलिओचे तोंडावाटे दिले जाणारे थेंब शीतून काही आठवडे बाहेर पडतात, म्हणून पल्स पोलिओच्या दिवशी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. लंगोट बदलण्याचं काम केमोच्या काळात आईकडे नकोच.

एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: पाजणं थांबलं की पाळी परत येते, आणि पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. केमोच्या काळात गर्भ राहणं दोघांनाही धोक्याचं. गर्भनिरोधक गोळ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये चालत नाहीत. निरोध किंवा तांबी, हे पहिल्या डोसच्या आधी ठरवा.

आणि शेवटचं पाजणं पहाटेचं ठेवा. दवाखान्यात सकाळी बोलावलं असेल तर त्याच्या दोन तास आधी उठवा त्यांना. मोबाइल बाहेर ठेवा, पाहुण्यांना आदल्या दिवशीच येऊ नका म्हणावं. फाइल, रिपोर्ट, पाण्याची बाटली सगळं रात्रीच भरून ठेवा, म्हणजे त्या वेळेत कुणी काही विचारायला जाणार नाही. त्या जेवढा वेळ घेतील तेवढा घेऊ द्या. मुलगी झोपली की आजींनी तिला उचलून घ्यावं.